‘गाडी वळली नाही रे!’

हा लेख म्हणजे माझ्या एका मूर्खपणाची कबुली आहे. आपल्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी निदान दोघा-तिघांच्या डोक्यात ‘गाडी खाली करायची’ हे खूळ शिरतंच, म्हणून ती छापून यावी असं वाटलं.

आमच्या घरी मारुती झेन आहे. १९९३ मध्ये बाजारात आलेलं आणि २००६ मध्ये बंद झालेलं हे मॉडेल. ९९३ सीसीचं इंजिन, ओढ पुढच्या चाकांना. बाबांनी ती जपून वापरली. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा गाडी माझ्या ताब्यात आली आणि मी एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा एकेक वेढा गॅस कटरने उडवून घेतला. खर्च साडेतीनशे रुपये. गाडीचं नाक खाली झालं, दिसायला एकदम रेसिंग. बाबा म्हणाले, “जरा कडक झाली का रे?” मी म्हटलं, “बाबा, आता रोड ग्रिप वाढली.”

सुट्टी संपली, मी हॉस्टेलवर परत. पुढच्या महिन्यात बाबा आईला तपासणीसाठी चिपळूणहून कराडला घेऊन निघाले. कुंभार्ली घाट, पाऊस, चढण, दुसरा गिअर. एका डावीकडच्या वळणावर मध्येच खड्डा आला, गाडी आपटली आणि स्टिअरिंग वळवलेलं असूनही नाक सरळच निघालं, थेट उजव्या बाजूला. समोरून एस.टी. येत होती. बाबांनी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, एस.टी.च्या ड्रायव्हरने ब्रेक मारले, गाडी कशीबशी आपल्या बाजूला आली. कुणाला काही झालं नाही. रात्री फोनवर बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “गाडी वळली नाही रे.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या एका वाक्याचं उत्तर शोधण्यात माझं तिसरं वर्ष गेलं. सापडलेलं उत्तर असं.

पुढच्या चाकांवर दुहेरी काम

१९५९ च्या ब्रिटिश मिनी गाडीत अलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं आणि पुढच्या चाकांना ओढ दिली. लहान गाड्यांची मांडणी त्यानंतर हळूहळू तशीच झाली. आत जागा जास्त मिळते, मागपर्यंत प्रॉपेलर शाफ्ट न्यावा लागत नाही. पण इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे, म्हणून सुमारे साठ टक्के वजनही पुढेच. ओढायचं पुढच्याच टायरांनी आणि वळायचंही त्यांनीच.

टायरची पकड ही घरून येणाऱ्या महिन्याच्या पैशांसारखी असते. रक्कम ठरलेली. सिनेमावर उडवले की मेसला कमी पडतात. फरक इतकाच की टायरचा हिशेब साध्या वजाबाकीचा नसून काटकोन त्रिकोणाचा आहे. ओढण्यासाठी पकडीचा ०.६ भाग वापरला तर वळण्यासाठी ०.४ नव्हे, ०.८ भाग उरतो. मात्र चढणीवर, ओल्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबलेला असेल तर उरलेली शिल्लक झपाट्याने संपते. पुढच्या टायरांची पकड मागच्यांच्या आधी संपली की गाडी स्टिअरिंगच्या इच्छेपेक्षा कमी वळते. याला अंडरस्टिअर म्हणतात. उलट मागचे टायर आधी सुटले तर ओव्हरस्टिअर. हे शब्द १९३० च्या दशकात रूढ करण्यात मॉरिस ओली या इंजिनिअरचा मोठा वाटा होता.

बाबांनी अ‍ॅक्सिलरेटर सोडला ते योग्यच झालं. ओढीवर खर्च होणारी पकड वळायला मिळाली आणि थोडं वजन पुढे सरकून पुढचे टायर रस्त्यावर दाबले गेले. मात्र हे जपून करायचं असतं. वेगात एकदम पाय काढला तर मागचा भाग हलका होऊन तोच घसरू शकतो.

वजन कुठे जातं?

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा आतल्या चाकांवरचं काही वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती, ते काढणं सोपं आहे. माणसांसकट गाडी ९०० किलो धरा, गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर, दोन चाकांमधलं अंतर १.३ मीटर आणि वळणाचं त्वरण ०.५ जी. ९०० गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले १.३, म्हणजे साधारण १७३ किलो.

आता गंमत अशी, की या सूत्रात स्प्रिंग कुठेच नाही! स्प्रिंग कडक करा, नरम करा, एकूण १७३ किलो सरकणारच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गॅरेजमधल्या साडेतीनशे रुपयांचा विचार करत बसलो. मग स्प्रिंग करते काय? ती हे १७३ किलो पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वाटते. जी बाजू कलण्याला जास्त विरोध करते, तिच्या वाट्याला जास्त वजनबदल येतो.

वाटणीने फरक पडतो, कारण टायर हा प्रामाणिक प्राणी नाही. वजन दुप्पट केलं तर त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये घर्षण गुणांक स्थिर धरायचा असतो, रबराला ते मान्य नाही. उदाहरण घेऊ (आकडे समजावण्यापुरते). पुढच्या प्रत्येक टायरवर २७० किलो आणि गुणांक ०.८० असेल, तर दोघांची मिळून पकड ४३२ किलो. वळणावर १०० किलो इकडचे तिकडे झाले तर बाहेरच्यावर ३७० (गुणांक घसरून ०.७४), आतल्यावर १७० (गुणांक ०.८४). बेरीज सुमारे ४१७. आणि पुढे १३० किलो सरकले तर? ४०० गुणिले ०.७२ अधिक १४० गुणिले ०.८५, म्हणजे ४०७. पुढची बाजू जितकी कडक, तितकी पुढची पकड कमी.

म्हणजे मी काय केलं होतं? आधीच पुढच्या बाजूला जड असलेल्या, अंडरस्टिअर करणाऱ्या गाडीची नेमकी पुढचीच बाजू कडक केली होती. आजार वाढवणारं औषध दिलं होतं.

कापलेल्या स्प्रिंगचा हिशेब

तिसऱ्या वर्षी मी त्या स्प्रिंगा काढून व्हर्निअर लावला. तार १० मिमी, वेढ्याचा सरासरी व्यास ११० मिमी, काम करणारे वेढे मूळचे ५. एस.ओ.एम.मधलं सूत्र आठवा. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताशी सम प्रमाणात, वेढ्याच्या व्यासाच्या घनाशी आणि वेढ्यांच्या संख्येशी व्यस्त प्रमाणात. पोलादाचा मापांक घालून उत्तर आलं १४.९ न्यूटन प्रति मिमी. पाचाचे चार वेढे केल्यावर १८.६. थेट पंचवीस टक्के वाढ.

हे एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. खरा घात पुढे आहे. एका पुढच्या स्प्रिंगवर साधारण २४५ किलो, म्हणजे सुमारे २४०० न्यूटन भार. मूळ स्प्रिंग त्याने १६१ मिमी दबायची, कापलेली १२९ मिमी दबते. कापलेल्या वेढ्याची उंची होती ६५ मिमी. म्हणजे गाडी ६५ वजा ३२, एकूण ३३ मिमी खाली आली. चाकाला वर सरकायला मुळात ७० मिमी जागा होती, ती उरली ३७.

आता वळण घ्या. गाडी तीन अंश कलली तर बाहेरचं चाक सुमारे ३४ मिमी आत सरकतं. उरले किती? ३ मिमी! आणि त्यात घाटातला खड्डा. स्ट्रटच्या दांड्यावर एक रबर असतं, बंप स्टॉप. स्प्रिंग पूर्ण दबायच्या आधी शेवटचा धक्का खायला ते बसवलेलं असतं. बाबांच्या गाडीचं पुढचं बाहेरचं चाक त्या रबरावर जाऊन बसलं. त्या क्षणी पुढच्या बाजूचा कडकपणा एकदम कित्येक पट झाला, वजनबदलाचा मोठा वाटा पुढे आला, ओल्या रस्त्यावर टायर सुटला, नाक सरळ निघालं.

ज्या वयस्क मिस्त्रींनी स्ट्रट उघडला त्यांनी यातलं एकही सूत्र न लिहिता निदान केलं. झिजलेलं रबर माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, “बाळा, तुझी गाडी स्प्रिंगवर नाही, या रबरावर चालत होती.”

आणखी तीन गोष्टी त्यांनी दाखवल्या. एक, गॅस कटरच्या उष्णतेने कापल्या जागेजवळचं पोलाद नरम पडतं आणि तिथे तडा जायची भीती असते. दोन, वेढ्याचं बसतं टोक गेल्यामुळे चाक लोंबकळलं की स्प्रिंग बैठकीवरून सरकू शकते. तीन, शॉकअप जुनेच होते आणि एकातून तेल गळत होतं. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला तर डॅम्पिंगचं प्रमाण आणखी कमी होतं. माझ्या हिशेबाने गाडीच्या नाकाची नैसर्गिक वारंवारता १.२४ हर्ट्झवरून १.३९ झाली होती आणि डॅम्पिंगचं प्रमाण दहा टक्क्यांनी घटलं होतं. तेही शॉकअप धडधाकट धरला तर!

आणखी एक धडा मला पुस्तकातून मिळाला. झेनच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या कन्सल गाडीत आली आणि स्वस्त, सुटसुटीत म्हणून जगभर पसरली. पण तिची एक खोड आहे. गाडी फार खाली केली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे कलवणारा तरफेचा हात लांब होतो. गाडी खाली करून कल कमी होईल म्हणावं, तर कलवणारं बळच वाढतं. शिवाय टाय रॉडचा कोन बदलल्यामुळे खड्ड्यात चाक आपोआप थोडं वळतं, ते वेगळंच.

मग करायचं काय? क्रम महत्त्वाचा

हॅण्डलिंग सुधारायचं म्हणजे आधी गाडी मूळची जशी होती तशी करायची. जुन्या गाडीत निम्मी सुधारणा इथेच मिळते.

१. टायर. रस्त्याला स्पर्श फक्त त्यांचाच. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, ३५१५ म्हणजे २०१५ सालचा पस्तिसावा आठवडा. आमच्या टायरांना नक्षी भरपूर होती, पण रबर दगडासारखं झालं होतं. हवा कंपनीने सांगितली तेवढीच आणि टायर थंड असताना भरायची.

२. सांधे आणि बुश. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश, आणि मिस्त्री ज्याला जम्पिंग रॉड म्हणतात त्या अँटीरोल बारचे बुश. रबर चिरलं की चाक स्वतःच्या मर्जीने दिशा बदलतं. बुश बदलताना एक नियम पाळा, आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे घट्ट करा. जॅकवर लोंबकळत असताना घट्ट केले, तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही चूक चांगल्या चांगल्या ठिकाणी होते.

३. स्प्रिंग आणि शॉकअप. दोन्ही जोडीने बदला, डावा-उजवा एकत्र. स्ट्रट उघडताना स्प्रिंग कॉम्प्रेसर हवाच. १५० मिमी दाबलेल्या स्प्रिंगमध्ये सुमारे १६८ ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे १७ किलोचं वजन एक मीटरवरून पडावं तसं. दोरी बांधून हे काम करणारे पाहिलेत. त्यांच्या हाताची बोटंही मोजून पाहा.

४. व्हील अलाइनमेंट. हे सगळं झाल्यावर, आधी नाही. सैल सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे ओल्या भिंतीवर रंग.

५. आणि मग, हौस असेल तर, सुधारणा. इथे वरचा वजनवाटणीचा हिशेब कामी येतो. पुढच्या चाकांच्या गाडीत नाक बाहेर जात असेल तर पुढचा बार जाड करू नका, मागची बाजू कलण्याला थोडी कडक करा. मागे अँटीरोल बार लावणं किंवा असलेला जाड करणं हा त्याचा रूढ मार्ग. बारचा कडकपणाही व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ ऐवजी १८ मिमी घेतला तर साठ टक्क्यांनी वाढ! म्हणून हात आखडता ठेवा. फोक्सवॅगनच्या पहिल्या गोल्फ जीटीआयचं आतलं मागचं चाक वळणावर हवेत उचललेलं फोटोत दिसतं, ते याच वाटणीमुळे. तिथे ते मुरलेल्या इंजिनिअरांनी जुळवलेलं होतं. आपण अंदाजाने केलं तर पावसात, ब्रेकवर पाय पडताच, मागचा भाग पुढे यायला बघेल. अंडरस्टिअरमध्ये निदान समोर काय येतंय ते दिसतं.

शॉकअप थोडे कडक, गॅस भरलेले घेतले तर गाडी वळणात लवकर स्थिरावते, पण एकूण पकड त्याने वाढत नाही. पॉलियुरेथेनचे बुश नेमकेपणा देतात, बदल्यात रस्त्याचा खडखडाट आत येतो. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत नोंद ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते देवालाही सांगता येणार नाही.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. मूळ मापाचे नवे सुटे भाग बसवण्याला अडचण नाही. उंची बदलण्याच्या फंदात पडण्याआधी मात्र आर.टी.ओ. आणि विमा दोन्हीकडे चौकशी करा.

मोजलं का?

सरांनी हाच प्रश्न विचारला. “बरं वाटतं” याला व्हायवात मार्क नाहीत. मग त्यांच्या देखरेखीखाली वर्कशॉपमागच्या डांबरी मैदानावर खडूने १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. हेल्मेट, सीट बेल्ट, मैदानात दुसरं कुणी नाही. वेग हळूहळू वाढवत न्यायचा आणि नाक रेषा सोडू लागेल त्याच्या आतली सर्वांत जलद फेरी मोजायची. कापलेल्या स्प्रिंगांवर फेरीला १०.६ सेकंद लागले, म्हणजे ०.५४ जी. मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा, शॉकअप, बुश, टायर आणि अलाइनमेंट झाल्यावर ९.८ सेकंद, म्हणजे ०.६३ जी. वेग ताशी ३२ आणि ३५ किलोमीटर, त्यामुळे जिवाची भीती नाही. यातला किती वाटा टायरांचा आणि किती स्प्रिंगांचा, हे मला सांगता येत नाही, कारण वरचा ‘एका वेळी एकच बदल’ हा नियम मी स्वतःच मोडला होता. गाडी घरी लवकर द्यायची होती. सरांनी तेवढे मार्क कापले, बरोबरच केलं.

आणि सपाट मैदानावरचा आकडा सगळं सांगतही नाही. घाटातल्या खड्ड्यात काय होतं ते त्यात नाही. ती परीक्षा घ्यायला बाबाच हवे होते. मागचा बार लावायचा मोह मी आवरला. ती गाडी माझ्या हौसेची नव्हे, आईच्या तपासणीची आहे.

दिवाळीनंतर बाबा आईला घेऊन पुन्हा तोच घाट चढले. मी मागे बसलो होतो, मुठी आवळून. ते वळण आलं, खड्डाही तिथेच होता, एक ‘धप्’ झालं आणि गाडी आपल्या रेषेत निघून गेली. बाबा काही बोलले नाहीत. आईने विचारलं, “का रे, एवढा गप्प का?”

कापलेल्या वेढ्यांपैकी एक माझ्या खोलीत टेबलावर आहे, सबमिशनचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय. ज्याला गाडी खाली करायची असेल त्याने अवश्य यावं. तो वेढा हातात देईन, व्हर्निअर देईन आणि गणित सोडवून घेईन. चहा तुमचा.